पळताना ऐकायचा मामा

कवठे महांकाळला बायका पळत नसत असं नाही. एसटी सुटायला लागली की पळत, पाण्याचा टँकर आला की घागर घेऊन पळत, पोरगं विहिरीकडं गेलं की पदर खोचून पळत. पण नुसतं पळायचं म्हणून पळणारी बाई गावानं पाहिली नव्हती. त्यामुळे शहाण्णव सालच्या दिवाळीनंतर एका सकाळी यशोधरा पंजाबी ड्रेस आणि पांढरे कॅनव्हासचे बूट घालून हायस्कूलच्या मैदानावर पळायला लागली, तेव्हा कुंपणापलीकडच्या चहाच्या टपरीवरच्या मंडळींना आधी वाटलं, हिच्यामागं कुत्रं लागलं असणार. कुत्रं काही दिसेना. मग त्यांनी दुसरा चहा सांगितला आणि बाकड्यावर नीट बसून घेतलं.

यशोधरा हे नाव तिच्या वडिलांनी मोठ्या हौसेनं ठेवलेलं. गावानं त्याची यशी करून टाकली. वय एकोणतीस. लग्न झालं होतं पुण्याच्या एका सरकारी कारखान्यातल्या माणसाशी, आणि त्या माणसाचा तिकडं आधीच एक संसार थाटलेला होता. दोन वर्षं तिनं तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसला आणि एक दिवस पिशवी उचलून आईकडं निघून आली. त्याला आता चार वर्षं झाली होती. बालवाडीत मदतनीस म्हणून ती पोरांची नाकं पुसायची आणि खिचडी शिजवायची. आई चंद्राबाई लोकांच्या शेतावर जायची. धाकटा भाऊ मिलिंद सांगलीत टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होता आणि पंधरा दिवसांनी घरी यायचा.

त्याच मिलिंदनं पोलीस भरतीची जाहिरात आणली. बायकांच्या जागा होत्या. बारावी झालेली यशोधरा लेखी परीक्षेला घाबरत नव्हती. उंची भरत होती. वयाच्या अटीतही ती कशीबशी बसत होती, पण यंदाचं साल शेवटचं. पुढच्या भरतीला ती बाद होणार हे उघड होतं. राहता राहिलं पळणं. आठशे मीटर, साडेतीन मिनिटांच्या आत. शाळेत लंगडी खेळल्यानंतर ती कधी पळालीच नव्हती. ही नोकरी मिळाली तर स्वतःच्या नावावर खोली, स्वतःचा पगार, आणि 'नवऱ्यानं टाकलेली' हे बिरुद खाली ठेवायला एक जागा. नाही मिळाली तर जन्मभर खिचडी. इतका साधा हिशेब होता.

पहिल्या दिवशी ती अर्धी फेरी पळाली आणि पोटात कळ येऊन खाली बसली. टपरीवरून कुणीतरी म्हणालं, "आगं, माळावरनं म्हस सुटून आली जनू." हसण्याची लाट मैदानभर पसरली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती घरातून निघालीच नाही.

"पाय दुखत्यात व्हय?" चंद्राबाईनं विचारलं.

"पाय न्हाई, कान दुखत्यात," यशोधरा म्हणाली.

मिलिंदला हे कळलं तेव्हा पुढच्या खेपेला तो दुकानात कुणीतरी टाकून दिलेला एक वॉकमन दुरुस्त करून घेऊन आला. "अक्का, हे कानाला लाव. मग टपरीवाल्यांस्नी बोंबलू दे." सोबत हिंदी गाण्यांच्या दोन कॅसेटी. टपरीचा आवाज बंद झाला हे खरं, पण गाण्यांनी वेगळाच घोळ घातला. ढोलकी सुरू झाली की यशोधरा सुसाट सुटायची, कडवं संपायच्या आत तोंडाला फेस यायचा, आणि मग उरलेलं गाणं ती लिंबाच्या झाडाला टेकून ऐकायची. आठवडाभरात तिला दोन्ही कॅसेटी पाठ झाल्या आणि पळणं होतं तिथंच राहिलं.

तेव्हा चंद्राबाईनं आपल्या भावाला कार्ड लिहवून घेतलं. राजारामदादा उंब्रजला राहायचा. वीस-बावीस वर्षं पलटणीत काढून हवालदार म्हणून रिटायर झालेला. उंब्रजची पोरं पहाटे त्याच्या मागं पळायची आणि त्यातली काही लष्करात लागलीही होती. पण तो स्वतः इकडं येईल अशी आशा कुणाला नव्हती. यशोधरा पुण्याहून परत आल्यापासून मामा त्यांच्या घरी फारसा फिरकला नव्हता. आलाच तर दारात उभा राहून "बरं हाय न्हवं?" म्हणायचा आणि चहा गार व्हायच्या आत निघायचा. मुळातच बोलणं कमी. भाचीच्या समोर तर तो दगडी खांब.

मामा आला नाही. पण दहा दिवसांनी एसटीचा एक ओळखीचा कंडक्टर वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट देऊन गेला. वर निळ्या शाईनं लिहिलेलं, 'आठवडा पहिला. रोज ऐकणे.'

दुसऱ्या सकाळी यशोधरानं ती लावली. आधी खरखर, मग खाकरणं, मग मामाचा आवाज. "जय भीम यशे. म्या राजाराममामा बोलतोय. हातात घड्याळ हाय. आता म्या सांगीन तवाच पळायचं आन म्या सांगीन तवाच चालायचं. पयली तीन मिन्टं निस्तं चाल. घाई करू नगं. घाईनं कुनाचं भलं झालं न्हाई."

ती चालायला लागली. तीन मिनिटं गप्प कसं बसायचं, हा प्रश्न मामाला तिकडं पडला असावा, कारण तो एक गोष्ट सांगायला लागला. सिक्कीमला त्यांच्या पलटणीत एक खेचर होतं. बर्फातून रेशन वर न्यायचं तर ते मध्येच पाय रोवून उभं राहायचं. मारलं तरी हलायचं नाही. कुणीतरी शेजारून बोलत चाललं तरच ते चालायचं. "तर एक दिस काय झालं, म्या येकटाच हुतो, आन बोलायला काय सुचंना," मामा सांगत होता, "तवा म्या त्याला आपल्या उंब्रजच्या बाजाराचं वर्नन सांगाय लागलो. वांगी कशी दिली, मिरची कशी… आता पळ."

यशोधरा पळाली. एक मिनिट. कानात नुसती खरखर आणि मामाचा श्वास. पुढं त्या खेचराचं काय झालं हे ऐकायचं असेल तर मिनिट संपवणं भाग होतं. "आता चाल," मामा म्हणाला, आणि बाजार पुन्हा सुरू झाला.

ही युक्ती मामानं मुद्दाम केली होती की त्याला आपोआप जमली, कुणास ठाऊक. पण गोष्ट कायम ऐन मोक्याला तुटायची आणि "पळ" यायचं. दुसऱ्या आठवड्याच्या कॅसेटमध्ये पळण्याची मिनिटं दोन झाली, तिसऱ्यात तीन. चहात साखर म्हणून मीठ टाकणारा लांगरी, म्हणजे पलटणीचा आचारी, आला, त्याच्यामागं रजेवर निघालेला आणि चुकीच्या गाडीत बसून आसामला पोचलेला शिपाई आला. मामाला इतकं बोलता येतं हे चंद्राबाईला पटेना. तिनं एकदा वॉकमन स्वतःच्या कानाला लावला आणि भावाचा आवाज ऐकून बराच वेळ चुलीपुढं बसून राहिली. "माज्या लगनाच्या आदी असाच बोलत हुता," ती म्हणाली, "पलटनीत गेला आन मुका झाला."

टपरीवर काय बोलतात हे यशोधराला आता कळत नव्हतं. दात दिसायचे, आवाज नाही. नव्याचे नऊ दिवस संपले, तसे दातही दिसेनासे झाले.

एक अडचण मात्र होती, सेलची. वॉकमनचे दोन सेल रोज अर्धा तास चालून महिन्यात दमले. मिलिंद त्या महिन्यात आला नाही. चंद्राबाईकडं तिचा जुना उपाय होता. बॅटरीचे सेल मंदावले की ती ते पत्र्यावर उन्हात वाळत घालायची, पापड घालावेत तसे, आणि दुपारी उलटे करायची. हे सेलही तिनं वाळवले. वॉकमन पुन्हा बोलायला लागला. यशोधरा कॅसेट मागं घ्यायची तर पेन घालून हातानं फिरवायची, तेवढाच सेल वाचतो म्हणून. असे तीन आठवडे गेले.

या तीन आठवड्यांत मामाचा आवाज बदलला. जड झाला, घोगरा झाला, शब्द ओढून ओढून यायला लागले. यशोधराला काळजी वाटली. मामाचा घसा बसलाय, तरीही माझ्यासाठी बोलतोय. तिनं कंडक्टरबरोबर ज्येष्ठमधाची पुडी पाठवली आणि चिठ्ठी लिहिली, घशाला आराम द्या. तिकडं मामा चकित झाला. घसा ठणठणीत होता. पण भाचीनं पाठवलंय तर ते खाल्लं पाहिजे, म्हणून तो शिपायासारखा रोज एक काडी चघळत राहिला.

भरतीला तीन आठवडे उरले तेव्हा शेवटची कॅसेट आली, 'परीक्षा'. मैदान लहान होतं. मिलिंदनं मागंच मीटरची पट्टी लावून मोजून ठेवलं होतं, चार फेऱ्यांना आठशे. मामानं सांगितलं होतं, आधी पाच मिनिटं चाल, मग म्या 'पळ' म्हनीन, आणि बरोबर साडेतीन मिनिटांनी 'थांब' म्हनीन; थांबच्या आत चार फेऱ्या झाल्या पाहिजेत. यशोधराकडं लग्नातलं एक बारीक घड्याळ होतं, पण त्याला सेकंदाचा काटा नव्हता. आणि मामापेक्षा त्या घड्याळावर विश्वास ठेवायचं तिला काही कारणही नव्हतं.

पाच मिनिटं चालताना मामा यावेळी खेचराबद्दल बोलला नाही. दोनदा खाकरला. मग म्हणाला, "यशे, येक सांगतो. समोर जमनार न्हाई. ते पुन्याचं स्थळ म्या आनलं हुतं. मानूस सरकारी नोकरीत हाय, एवढंच बगितलं. तितं जाऊन चार लोकांस्नी इचाराय पायजे हुतं, इचारलं न्हाई. पलटनीत म्या जवानाच्या बुटाची लेस तपासून घेत हुतो, आन भाचीचा नवरा न तपासता घेतला. ही गोष्ट मला…" इथं तो थांबला. "पळ."

ती पळाली. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे वळणं अंदाजानं घेतली. 'थांब' आलं तेव्हा ती रेघ ओलांडून चार पावलं पुढं गेलेली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बोलणं, तेच पळणं, आणि रेघ वेळेत. आठ दिवस ती रोज पास झाली. तिनं मामाला कार्ड टाकलं, 'चार फेऱ्या वेळेत होतात. काळजी नसावी.' स्थळाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. काय लिहायचं ते तिला ठरवता येत नव्हतं. कॅसेटला उत्तर देता येत नाही ही एक सोयच होती.

भरतीला बारा दिवस उरले तेव्हा मिलिंद आला. त्यानं वॉकमन उघडला, सेल हातात घेतले आणि आईकडं पाहिलं. "हे मेलेले सेल हायत. ह्याच्यावर चालतंय कसं?" त्यानं नवीन सेल घातले आणि यशोधरा उड्या मारत मैदानावर गेली.

कानात मामा बोलायला लागला तो तरण्या माणसाच्या आवाजात, भराभरा. घसा सुटलेला. ज्येष्ठमध लागू पडलं म्हणावं, तर ही कॅसेट जुनीच होती. तिनं तिकडं लक्ष न देता पळायला सुरुवात केली. 'थांब' आलं तेव्हा ती लिंबाच्या वळणावर होती. रेघ चांगली चाळीस पावलं लांब.

तिला वाटलं, आज पाय जड होते. थोडं बसून पुन्हा पळाली. आता तर पन्नास पावलं.

"मिल्या, हे नवं सेल बिघडल्यालं हायत," घरी येऊन ती म्हणाली. "मामा लय घाई करतोय."

मिलिंदनं एका कानाला लावून ऐकलं. मग जुने सेल घालून ऐकलं. दोनदा अदलाबदल केली आणि तो मान खाली घालून बसला. "अक्का, हाच मामाचा खरा आवाज. सेल उतरलं की फीत हळू फिरती. साडेतीन मिन्टाचं पावनेचार हुतंय. तुला रोज दहा-पंदरा सेकंद फुकट मिळत हुतं."

चंद्राबाई भाकरी थापत होती. तिचा हात परातीतच राहिला. "म्या वाळवलं," ती म्हणाली. "पोरीचं नुकसान म्या केलं." यशोधरा तिच्याजवळ जाऊन बसली आणि परात स्वतःकडं ओढून भाकरी थापायला लागली. आठ दिवस ती पोलीस होऊन बसली होती. आता पुन्हा बालवाडीतली मदतनीस झाली.

मिलिंदनं एसटीडी बूथवरून उंब्रजला निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मामा हजर झाला. हातात पिशवी, मनगटावर सेकंदाच्या काट्याचं घड्याळ, गळ्यात शिट्टी. "बरं हाय न्हवं?" त्यानं दारातून विचारलं. यावेळी तो चहा पिऊन थांबला.

पण खरा मामा कॅसेटमधल्या मामासारखा नव्हता. मैदानावर उभं राहताच त्याची पाठ ताठ झाली, आवाज पलटणीत गेला. "दौड! कदम उठाव! बाजू हिलाव!" यशोधराचे खांदे आखडले, श्वास चुकला आणि चार फेऱ्यांना जवळजवळ चार मिनिटं लागली. टपरीवरचे दात पुन्हा दिसायला लागले. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा घड्याळाकडं पाहत राहिला, तिच्याकडं नाही. तो ओरडत होता, कारण दुसरं काय बोलावं ते त्याला कळत नव्हतं, आणि ओरडला की त्यालाच वाईट वाटत होतं, हे तिला आता नीट दिसत होतं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "मामा, रागावू नगा. तुमी तिकडं भिंतीकडं तोंड करून बसा. आन कॅसेटीत बोलता तसं बोला."

मामाला ते लागलं. हवालदारानं भिंतीकडं तोंड करायचं म्हणजे शिक्षाच. त्यानं शिट्टी खिशात घातली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला आणि शेवटी लिंबाखाली, शाळेच्या भिंतीकडं तोंड करून बसला. घड्याळ गुडघ्यावर. मग मैदानाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात त्यानं भिंतीला सांगायला सुरुवात केली, की एकदा त्यांच्या सुभेदाराची टोपी नदीत पडली, तेव्हा… आणि मग "पळ".

म्हातारा भिंतीशी बोलतोय हे पाहून गावानं त्याचं डोकं बिघडल्याचं जाहीर केलं. पण यशोधराच्या पायांत जीव आला. तिची सेकंदं रोज एक-दोन कमी व्हायला लागली. स्थळाचा विषय मामानं पुन्हा काढला नाही आणि तिनंही काढला नाही. निघायच्या आदल्या सकाळी मामानं भिंतीकडं बघतच सांगितलं, "तीन मिन्टं एकतीस." साडेतीनच्या आत ती एकदाही आली नव्हती.

सांगलीच्या मैदानावर मोठा गोल होता, दोनच फेऱ्या. दहा-दहा जणींची तुकडी, छातीवर नंबर. कानाला काही लावायला परवानगी नव्हती आणि उमेदवाराशिवाय कुणाला आत सोडत नव्हते. मामा फाटकाबाहेर राहिला.

पहिली फेरी ती चौथी-पाचवी होती. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पोटात ती जुनी कळ आली आणि तिला जाणवलं, कानात कुणी नाही. दोन महिन्यांत ती कधी अशी एकटी पळालीच नव्हती. स्वतःचे बूट वाजताना ऐकू येत होते. आता काय, असं वाटलं, आणि त्याच वेळी ती मनातल्या मनात बोलायला लागली. मामाला सांगायला लागली, जे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. पुण्याच्या त्या खोलीत तिनं दोन वर्षं कुणाचा राग केला ते. नवऱ्याचा केला, त्याहून जास्त मामाचा केला. तो येऊन घेऊन जाईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. मग एका सकाळी तिनं पिशवी भरली, आणि ती भरताना काय वाटलं… रेघ पुढं आली होती. एक फौजदार बाई हात वर करून म्हणाली, "तीन सव्वीस. नंबर सांगा."

पुढं लेखी झाली, तोंडी झाली, यादी लागली आणि यादीत तिचं नाव होतं, ते सगळं रीतसर झालं. पण यशोधराच्या लेखी नोकरी त्याच सकाळी लागली, फाटकातून बाहेर येताना.

मामा रस्त्यापलीकडं उभा होता. तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं. सवयीनं तो तोंड फिरवायला लागला. यशोधरानं त्याचा दंड धरला.

"हिकडं बगा मामा. म्या तुमच्यावर लय राग धरला हुता. सहा वर्सं."

मामानं तिच्याकडं पाहिलं. भिंत नव्हती, यंत्र नव्हतं.

"चुकलं माजं, यशे," तो म्हणाला.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "चला आता. आई वाट बघत आसंल." आणि दंड न सोडता ती त्याला स्टँडच्या दिशेनं घेऊन निघाली.